काहिलीचं दार

रिटायर झालेल्या माणसांकडं किस्से साचत जातात. घरात कुणी ऐकत नाही, म्हणून ते टपरीवर आणायचे. तिथं दर आठवड्याला त्यांना थोडी नवी फोडणी बसते. भवानीनगरच्या टपरीवर आमचे असे पोतंभर जमलेत.

आम्ही म्हणजे तिघं. कोऱ्हाळ्याचे आबा, भवानीनगरचाच उस्मान आणि वडगावचा मी. तरुणपणी तिघंही नेव्हीत एकाच बोटीवर होतो. लढाईत सैनिकांना थेट किनाऱ्यावर उतरवणारी बोट ती. पुढं भलंमोठं दार. ते खाली सोडलं की त्याचीच फळी व्हायची आणि सैनिक तिच्यावरून उतरायचे. कागदावर बोटीला नुसता नंबर होता. आम्ही तिला काहील म्हणायचो, कारण गुऱ्हाळावरच्या काहिलीसारखी ती बुडाला सपाट होती आणि आतला माणूस उकळून निघायचा.

*

नेव्हीच्या भरतीत साहेबांनी आबांना विचारलं, "पोहता येतं?"

"कालव्यात येतं."

"आणि समुद्रात?"

"त्यालाबी कड असंलच की, साहेब."

साहेबांनी घेतलं त्यांना. काहिलीवर आल्यावर आबांच्या हाती तिचं दार आलं. आठ वर्षं त्यांनी ते उघडलं आणि मिटलं.

*

उस्मान आमचा स्वयंपाकी. एकदा बोट इतकी हलली की पिठल्यात दुप्पट पाणी गेलं. साहेबांनी चमचा बुडवून पाहिला.

"हे काय आहे?"

"सूप, साहेब. बेसनाचं. आमच्याकडं लग्नात करत्यात."

साहेब दोन वाट्या प्यायले. पुढं त्यांचे वरचे साहेब पाहुणे आले, तेव्हा खास फर्माईश झाली, "ते लग्नातलं सूप होऊ दे." त्या दिवशी समुद्र अगदी शांत होता. बिचाऱ्या उस्माननं चांगलं झालेलं पिठलं स्वतःच्या हातानं बिघडवलं.

*

आता माझी फजिती. काहील वाळूला टेकायच्या आधीच, खोल पाण्यात असताना, मागचा नांगर टाकायचा असतो. परत निघताना त्याचाच दोर गुंडाळत बोट मागं ओढून घ्यायची. हे काम माझं. पहिल्याच सरावाला मी बोट रुतून गप्प उभी राहीपर्यंत थांबलो आणि मग निवांत नांगर सोडला. साहेब लालबुंद.

"आधी का नाही टाकला?"

मी म्हणालो, "गाडी थांबल्याबिगर कासरा सोडत न्हाईत आमच्यात."

तेवढ्यात ओहोटी लागली. काहील सहा तास वाळूवर बसून राहिली. दार उघडंच होतं. त्यातून किनाऱ्यावरच्या गावातल्या सात शेळ्या आत आल्या. साहेब वायरलेसवर रिपोर्ट देत होते, तोवर आबांनी एकीचं दूध काढून उस्मानला चहासाठी दिलंसुद्धा. रिपोर्ट देऊन आलेल्या साहेबांनी तोच चहा घेतला आणि वर आणखी अर्धा कप मागितला.

*

लढाईचा किस्सा आबा कधीच सांगत नाहीत. ते बिडी आणायला उठतात, तेव्हा मी सांगतो.

एकाहत्तरच्या युद्धात एका पहाटे आम्ही सैनिक उतरवायला निघालो. काहिलीच्या हिसक्यांनी सगळे ओकून अर्धे झाले होते. बोट टेकली, साहेबांनी हात खाली केला, आबांनी दार सोडलं. पहिला जवान फळीवरून उतरला आणि दिसेनासा झाला.

आम्ही टेकलो तो किनारा नव्हताच. पाण्याखालचा वाळूचा उंचवटा होता आणि त्याच्या पुढं परत खोल पाणी. जवानाच्या पाठीवर ओझं, हातात रायफल. आबांनी दोर फेकला, तो रिकामाच परत आला. मग हुकूम झाला, दार उचला, बोट मागं घ्या, बाकीच्यांना दुसरीकडं उतरवा. त्या जवानाचं नाव आम्हाला माहीत नव्हतं. तो जगला का गेला, तेही कधी कळलं नाही.

हुकूम साहेबांचा होता. पण दार आबांच्या हातानं पडलं होतं, आणि ते त्यांच्या मनातून काही जाईना.

*

त्यामुळं झालेली तऱ्हा बघा. बारामतीला बसमधून उतरताना आबा कुणाला पुढं जाऊ देत नाहीत. आधी स्वतः उतरणार, पाय आपटून जमीन बघणार, मग दारापाशी उभं राहून एकेकाला हात देणार. मागं एक कॉलेजची पोरगी म्हणाली, "आजोबा, मला येतं उतरता."

"त्यालाबी येत हुतं," आबा म्हणाले.

कंडक्टर वैतागतो. मला हसू येतं आणि जीवही तुटतो.

*

यंदा श्रावणात इंदापूरला माजी सैनिकांचा मेळावा होता. पंगतीत उस्मान रंगात येऊन सुपाचा किस्सा सांगत होता. समोरचा एक म्हातारा जेवता जेवता थांबला. जगन्नाथराव त्याचं नाव, इंदापूरच्या अलीकडचा, पायदळातला.

"कंच्या बोटीवर हुता तुमी?"

उस्माननं नंबर सांगितला. म्हाताऱ्यानं आमच्याकडं आळीपाळीनं पाहिलं.

"लढाईत दारावर कोण हुतं?"

आबांचा घास हातातच राहिला. "मी."

"त्या दारातनं पयला मी उतरलो."

आबांनी एवढंच विचारलं, "वर आलासा?"

"आलो की. पाठीवरचं सोडून दिलं अन् आलो वर. बघतो तर धूरच धूर, बोट कुठं दिसंना. मला वाटलं, तुमीच बुडाला. तिथनं दवाखान्यात गेलो, पलटणीत परत न्हाईच, मग खरं सांगणार कोण?"

आबा रडत होते आणि लपवतही नव्हते. पन्नासच्या वर वर्षं छातीवर ठेवलेलं पोतं कुणीतरी उतरवून घेतलं होतं. मलाही इतकं हलकं वाटलं की मी उगाच उस्मानच्या पाठीवर थाप मारली.

जगन्नाथराव जरा घुटमळले. "बोटीत तुमी तिघं आपल्याकडचं बोलत हुता. ऐकू येत हुतं, पर ओकारीनं मला तोंड उघडता येईना. गावाकडची माणसं गेली, नावंबी ठाव न्हाईत, ह्ये लय लागलं मनाला. म्हणून दरसाल पितरं जेवू घालतो तवा तुमची तीन पानं येगळी वाढून कौलावर ठेवतो."

"माझंबी?" उस्माननं विचारलं.

"व्हय, तुमचंबी. पर इतकी वर्सं झाली, कावळा शिवत न्हाय. बाकीची पानं खातो, ही तीन तेवढी सोडतो. मंडळी म्हणत्यात, त्यांचं कायतरी मागं राहिलंय."

आबांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"कावळ्याचं बराबर हाय," ते म्हणाले. "औंदा आमीच येतो जेवायला."