आज वार कुठला?

"आवं, आज वार कुठला?"

हृदयाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटचं अंग पुसताना मावशी हे अगदी सहज विचारायच्या. मग चष्मा, कान, झोप. शेवटी आवाज खाली आणून, "संध्याकाळी थोडी घेता व्हय?" डॉक्टरांना जे सांगितलं नाही, ते माणूस मावशींना सांगून टाकायचं.

सांगलीच्या आमच्या दवाखान्यात त्या आया होत्या. कुपवाडहून लूनावरून यायच्या, पदर कमरेला घट्ट खोचून. आणि मी, तिथली सिस्टर? कडक इस्त्रीची टोपी, छातीवर उलटं घड्याळ, चालणं असं की निम्मं ऑपरेशन मीच केलंय.

हृदय दुरुस्त झालं तरी काही म्हातारी माणसं नंतर दोन-तीन दिवस भ्रमात जातात. बरळतात, नळ्या ओढतात. कोण भ्रमात जाणार, हे मावशी आदल्या दिवशीच सांगायच्या.

"सिस्टर, सात नंबर बडबडणार बगा."

"मावशी, पत्रिका बघितली का त्यांची?"

"पत्रिका कशाला? कानाला मशीन, जाड भिंगं, झोप न्हाई. वर रोज घेतोय, घरात ठावं न्हाई. डॉक्टरास्नी सांगा तेवढं."

सात नंबर म्हणजे रहिमतपूरचे एक निवृत्त सुभेदार. मी काही डॉक्टरांना सांगितलं नाही. आयाबाईचं ऐकून डॉक्टरांकडे जायचं म्हणजे माझी टोपी वाकडी झाली असती ना! उलट नियमाप्रमाणे त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन सुनेच्या हातात दिलं. "आत काही चालत नाही. घरी घेऊन जा."

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सुभेदार उठून बसले. एक हात छातीच्या नळीवर.

"कोण तू? पास दाखव!"

"आजोबा, झोपा!" मी ओरडले. त्यांना ऐकू येईना, म्हणून आणखी ओरडले. त्यांना वाटलं, शत्रू चालून आला. नळी ताणली गेली. ती निघाली असती तर माणूस हातचा गेला असता. मी हात बांधायला पट्ट्या मागवल्या.

तेवढ्यात मावशी आल्या. कमरेची रुमालाची पुरचुंडी सोडली. आत चष्मा आणि मशीन! सुनेला जिन्यात गाठून त्यांनी दोन्ही परत घेतली होती. मशीन कानात, चष्मा नाकावर, आणि नळीवरचा हात हलकेच आपल्या हातात.

"सुभेदार, आज बुधवार. सांगलीत हाय तुमी. आपरेशन झालं. सून भाईर बसलीया."

सुभेदारांनी माझ्याकडे बोट केलं. "मग ही कोण?"

"आपलीच हाय. वरडती लय, पर चांगली हाय."

मी गेले डॉक्टरांकडे आणि दारूचं सांगितलं. जी बोलणी खायची ती खाल्ली. त्यांनी औषधं बदलली. सुभेदार पुढचे दोन दिवस अधूनमधून सरहद्दीवर जाऊन यायचे, पण नळीला हात लावला नाही. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक खाटेला चष्मा-मशीन ठेवायला नंबराची कापडी पुरचुंडी आली. शिवल्या मावशींनी, नंबर घातले मी. टोपीचं काय झालं ते विचारू नका.

मावशी जाऊन तीन वर्षं झाली.

गेल्या वर्षी माझंच बायपास झालं. आदल्या दिवशी एक पोरगी टॅब घेऊन आली. "आजी, आज वार कुठला? चष्मा? ऐकू येतं? झोप? कधी घेता का?"

"कोजागिरीला. दूध."

तिने आकडे दाबले. "तुमचा धोका कमी आहे हं."

यंत्राचा अंदाज चांगलाच होता. पण माझी सून फार टापटिपीची. माझा चष्मा पर्समध्ये घालून ती साताऱ्याला घेऊन गेली.

शुद्धीवर आले तर सगळं धूसर. पायथ्याशी मावशी उभ्या, पदर खोचून.

"सिस्टर, आज वार कुठला?"

"गुरुवार."

"चुकलं. चष्मा कुठाय तुमचा?"

"आजी, कोणाशी बोलताय?" पोरीने विचारलं.

"मावशींशी. त्यांना स्टूल दे आधी. आणि माझा चष्मा मागव, त्या रागावल्यात."

पोरगी पळत डॉक्टरांकडे गेली. दुपारी सून साताऱ्याहून चष्मा घेऊन आली. तो लावला आणि सगळं लख्ख दिसू लागलं: सलाईन, घड्याळ, सुनेचं रडवेलं तोंड. वारही कळला. शुक्रवार.

पायथ्याशी नुसतं स्टूल होतं.

सून पाणी आणायला वळली, तेव्हा मी हळूच चष्मा काढून एकदा बघितलं.