भेंडाची दोन बाशिंगं

थर्माकोल नालायक आहे, हे मी अंबडच्या बाजारात पत्रकं वाटून सांगितलंय आणि अजूनही सांगते. लग्न उरकलं की बाशिंग उकिरड्यावर, उकिरड्यावरून गाईच्या पोटात. याला मंगल म्हणायचं? म्हणून धाकट्या बहिणीचं लग्न ठरल्यावर मी घरात जाहीर केलं: बाशिंगं भेंडाची होतील.

आमच्याकडे वधूवरांची बाशिंगं मामाने आणायची असतात. मामा म्हणाला, "पुढारीणबाई, पत्रक वाटून भेंड उगवत न्हाई. चला तळ्यावर."

भेंडाचं झुडूप तळ्याच्या काठाला, पाण्यातच वाढतं. आतला गाभा पांढराशुभ्र, हातात घेतला तर वजनच लागत नाही. आफ्रिकेत नदीकाठी याचंच मोठं भावंड असतं. तिथले लोक त्याच्या मोळ्या बांधून तराफे करतात, मासे धरायची जाळी तरंगावी म्हणून तिला त्याचे तुकडे लावतात. चिखलात उभ्या उभ्या मी हे मामाला ऐकवलं.

"त्यात काय," मामा म्हणाला. "आम्ही भेंडाची पेंडी पाठीला बांधूनच पोहायला शिकल्तो. तू बोलून राह्यली, कापणार कधी?"

ओलं भेंड सावलीत वाळवायचं असतं. आईने ते मिरच्यांशेजारी पत्र्यावर टाकलं. जल्दी वाळेल म्हणे. वाळलं, पण तडकून वाकडंतिकडं झालं. धड कांड्या एकाच बाशिंगापुरत्या उरल्या आणि लग्न तर तोंडावर आलेलं.

आई म्हणाली, "नवरदेवाला भेंडाचं करा. हिला बाजारचं आणू."

माझं डोकंच फिरलं. दर वेळी पोरीच्याच वाट्याला दुय्यम का? मी सुरू होणार, तेवढ्यात बहीण हातावरची ओली मेंदी सांभाळत म्हणाली, "ताई, भाषण नको. मामा, दोन लहान करा. पण दोन्ही सारखीच."

मामाने गाभ्याचे कागदासारखे पातळ पदर काढले, फुलं वळली, बेगड लावली. बाशिंगं तळहाताएवढी झाली.

मंडपात नवरदेवाच्या मावशीने विचारलं, "बाशिंग हाय का टिकली?"

"दोघांनाबी सारखीच टिकली हाय, मावशी," बहीण म्हणाली. मावशीसुद्धा हसल्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. समोरच्या मोठ्या पंख्याच्या वाऱ्याने बहिणीचं बाशिंग कपाळावरून उडू लागलं. मामा मागेच उभा होता. एका मुठीत अक्षता, दुसऱ्या हाताने त्याने बाशिंगाची गाठ धरली.

फोटोवाला म्हणाला, "मामा, हात काढा."

"तू पंखा बंद कर, मी हात काढतो."

उकाड्यात पंखा कोण बंद करू देतं? त्यामुळे मंगलाष्टकांच्या प्रत्येक फोटोत बहिणीच्या डोक्यामागे मामाचा हात आहे, बाशिंग बिलकुल सरळ आहे, आणि बहीण हसतेय.