अक्कांची खळ

अक्का सातवी शिकलेल्या होत्या आणि धुळ्याच्या कोर्टात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तरी राज्याच्या कुठल्या कायद्यातली कुठली व्याख्या बदलली, हे आम्ही ज्युनियर मंडळी आधी त्यांनाच विचारत असू. नाना वकील माझे सीनियर, अक्का त्यांच्या पत्नी. ऑफिसच्या मागच्या खोल्यांत त्यांचं घर.

विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली की नाना राजपत्र बघून नवा मजकूर पातळ कागदावर टाइप करून घेत. अक्का ती चिठ्ठी कापून पुस्तकात जागच्या जागी चिकटवत. खळ स्वतः शिजवत, मैद्याची. कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालत. माझ्याकडे पहिली चिठ्ठी आली तेव्हा मी चारही कडांना खळ लावली. अक्कांनी पुस्तकच ओढून घेतलं.

"डावीच कड, बाई. खाले काय व्हतं ते दिसाले जोयजे."

मी दोंडाईच्याची, त्यामुळे अहिराणी लगेच कळली. मुद्दा कळायला दोन वर्षं लागली. नवा शब्द का आला हे समजायचं तर कोणता शब्द गेला ते बघावं लागतं. नाना कोर्टात चिठ्ठी उचलून जुना शब्द वाचत, चिठ्ठी सोडून नवा वाचत आणि मग म्हणत, "साहेब, बदल करणाऱ्याला काय हवं होतं, ते आता बघू." त्यांचे अर्धे युक्तिवाद त्या डाव्या कडेवर उभे असत.

"भांडायच्या आधी व्याख्या वाच," हे नानांचं वाक्य. अक्का ते त्यांच्यावरच उलटवत. नानांनी आतल्या दाराकडे बघून थोडा चहा मागितला की आतून आवाज यायचा, "थोडा म्हणजे कितला? व्याख्या करा, वकीलसाहेब."

"अर्धा कप, साखरेसह."

"साखर व्याख्यामा बसत नही. तुम्हले डायबेटीस शे."

पक्षकारसुद्धा हसत. नाना बिनसाखरेचा चहा पीत.

मग अक्का विसरू लागल्या. आधी माणसांची नावं, मग गॅस. शेवटी चिठ्ठ्या. एका कायद्याची चिठ्ठी दुसऱ्यात जाऊ लागली. नाना दर शनिवारी पुस्तकं पिशवीत भरून माझ्याकडे द्यायचे. "घरी ने, तपास. तिला कळू देऊ नकोस." रविवारी मी ओल्या फडक्याने चिठ्ठ्या सोडवायची आणि योग्य जागी लावायची. असं वर्षभर चाललं. मी दोनदा सांगितलं, नाना, दरवर्षी छापील आवृत्ती निघते, ती घेऊ. ते म्हणाले, "मग ती दिवसभर काय करेल?"

एक चिठ्ठी माझ्या नजरेतून सुटली. अमळनेरची एक बाई मामांच्या धुळ्यातल्या भाड्याच्या घरात राहायची. मामा वारले, मालक तिला बाहेर काढायला निघाला. भाचीला मामांच्या कुटुंबात धरायचं का, एवढाच प्रश्न होता. नाना उभे राहिले, भाड्याच्या कायद्याचं पुस्तक उघडलं, 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या वाचू लागले आणि दुसऱ्या ओळीला थांबले. ती व्याख्या शेतजमिनीच्या कायद्यातली होती.

"नानांच्या घरी वेगळं विधिमंडळ बसतं वाटतं," समोरचा वकील म्हणाला. सगळे हसले.

नाना म्हणाले, "माझी चूक, साहेब. पुढची तारीख द्यावी."

घरी आलो तर अक्का दारातच होत्या. "आज काय व्हयनं कोर्टमा?"

"तुझी चिठ्ठी कामाला आली," नाना म्हणाले आणि चपला काढत बसले. बराच वेळ.

मला राग आला होता. बाईचं घर पणाला होतं. त्याच आठवड्यात मी सगळ्या कायद्यांच्या नव्या आवृत्त्या आणल्या, जुनी पुस्तकं पोटमाळ्यावर टाकली, आणि स्वयंपाकाच्या बाईंना सांगितलं, खळ शिजवायची नाही. पुढच्या तारखेला नानांनी नव्या पुस्तकावर युक्तिवाद केला. भाचीचं घर राहिलं. माझं काही चुकलं नव्हतं.

अक्कांनी नव्या पुस्तकावरून हात फिरवला. "यामा माले काय काम शे?" मी म्हणाले, "काहीच नाही, अक्का, आता आराम करा." त्यानंतर त्यांनी चहाची व्याख्या कधी विचारली नाही. दिवाळीपर्यंत त्या नानांनाही ओळखेनाशा झाल्या. संक्रांतीच्या आधी गेल्या.

दहाव्यानंतर नाना मला एवढंच म्हणाले, "तू शब्द बरोबर वाचलास गं. मी त्या चिठ्ठ्या तिच्याकडून का करून घेत होतो, ते नाही वाचलंस." पुढे त्यांनी वकिली सोडली आणि पुस्तकं माझ्याकडे पाठवली.

भाड्याच्या कायद्याच्या नव्या पुस्तकात, व्याख्यांच्या पानावर, एक कोरी चिठ्ठी निघाली. मापात कापलेली, फक्त डाव्या कडेला चिकटवलेली. कडेशी भाताचं एक वाळलेलं शीत होतं. खळ मी बंद केली होती. अक्कांनी ताटातला भात वापरला होता.

ते पुस्तक मी अजून कोर्टात नेते. चिठ्ठी उचलते, खालचं वाचते, पुन्हा ठेवते. परवा एका न्यायाधीशांनी विचारलं, "मॅडम, ते काय आहे?"

"दुरुस्ती आहे, साहेब," मी म्हणाले. "माझ्याकडून राहिलेली."