गाणं न म्हणता

ओढ्यावरचा पूल ओलांडला की स्लोवाकांचं गाव संपतं आणि रोमा, म्हणजे जिप्सी लोकांची वस्ती सुरू होते. मार्त्सेला या वस्तीतच जन्मली, इथेच तिचं लग्न झालं, आणि चाळिशी उलटल्यावर मिळालेली नोकरीही इथलीच. खांद्याला निळी पिशवी अडकवून घरोघर जायचं, लहान मुलांजवळ जमिनीवर बसायचं, ठोकळे रचायचे, पुठ्ठ्याच्या पानांचं पुस्तक उघडून कोंबडी कुठे लपली ते विचारायचं, आणि आपण नसू तेव्हा हे सगळं कसं करायचं ते आयांना दाखवायचं.

"बायको माझी खेळायला जाते," तिचा नवरा डेझिडर दारात सिगरेट ओढत शेजाऱ्यांना सांगे, "आणि मी खड्डे खणायला. अदलाबदल करू म्हटलं तर ऐकत नाही."

"तुला जमणार आहे का?" ती आतून विचारी. "हरलास की रुसतोस."

सुरुवातीचे महिने वाईट गेले. एका खोलीत सगळं घर, आणि तिने पिशवी उघडली की साऱ्या घराचे हात एकदम आत. एक ठोकळा चुलीत गेला, एक पुस्तक चिखलात. मोठी मुलं लुटून न्यायची, आणि ज्याच्यासाठी ती आली ते धाकटं कोपऱ्यात रडत राहायचं. मग तिने एक गाणं रचलं. चाल तिच्या आईची, कणीक तिंबताना गुणगुणायची ती. शब्द तिचे स्वतःचे.

हात कुठे गेले? झोपले.
कोण उठवणार? मी.
उठून काय करणार? घर.

गाणं होईपर्यंत मुलाने दोन्ही तळवे वर करून स्वस्थ बसायचं. शेवटच्या शब्दाला ती एकेका तळव्यावर एकेक ठोकळा ठेवी. त्याआधी कोणी कशाला शिवायचं नाही. हळूहळू ही शिस्त अंगी बाणली. पिशवी उघडी पडलेली असली तरी पोरं तिच्या तोंडाकडे बघत बसून राहत. दुसऱ्या वस्त्यांत हेच काम करणाऱ्या बाया हे बघायला आल्या तेव्हा मार्त्सेलाला आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी घडवलं असं वाटलं.

साबिना तिच्या पहिल्या मुलांपैकी, जिला तिने शिकवलं. इव्हेटाची मुलगी. इव्हेटाला वाचता येई, पण ओल्या फळीवरून चालावं तशी ती अक्षरांवरून चाले. पुढेपुढे तिने अक्षरांचा नाद सोडला आणि चित्रांवरूनच गोष्ट सांगू लागली. तिची कोंबडी कोल्ह्याला शिव्या देई, थेट सासूच्या आवाजात. साबिना हसून लोळायची आणि मग ते पान स्वतः 'वाचून' दाखवायची, एक शिवी जास्तीची घालून.

"हे तुझ्याकडे चालतं का गं?" इव्हेटाने एकदा घाबरत विचारलं होतं.

"चालतं. फक्त शाळेत गेल्यावर कोंबडीला जरा सभ्य कर."

शाळेत गेल्यावर. सगळं त्यासाठीच होतं. सहाव्या वर्षी मुलाला तालुक्याच्या गावी तपासणीला न्यायचं. तिथल्या बाई ठरवणार: मूल पुलापलीकडच्या गावातल्या शाळेत जाईल, की गिरणीमागच्या इमारतीत, जिथे सावकाश शिकणाऱ्या मुलांचे वर्ग आहेत. वस्तीतली बहुतेक मुलं गिरणीमागे जात. मार्त्सेलाही तिथेच गेली होती. नऊ वर्षांत ती बटाटे पातळ सोलायला आणि अॅप्रनला इस्त्री करायला शिकली. स्वतःच्या तपासणीचं तिला एवढंच आठवे की टेबल फार उंच होतं.

साबिनाला घेऊन त्या तिघी बसने गेल्या. इव्हेटाने मुलीची वेणी इतकी घट्ट घातली होती की तिच्या भुवया वर गेल्या होत्या. धाकट्या कोलोला सासूकडे ठेवलं होतं. मार्त्सेला निळी पिशवी न घेता निघाली, आणि रस्ताभर तिचा रिकामा खांदा तिला टोचत राहिला.

बाई चांगल्या होत्या. हे मार्त्सेलाने नंतर सगळ्यांना सांगितलं, कारण सगळ्यांना वाईट बाई हव्या होत्या. त्यांनी साबिनाचा हात हातात घेतला, वेणीचं कौतुक केलं, रोमांच्या भाषेत नमस्कारही केला, चुकतमाकत. मग त्या म्हणाल्या, "मोठ्यांनी बाहेर बसायचं. मध्ये कोणी बोलायचं नाही, नाहीतर मला तपासणी धरता येत नाही."

दार लागलं. पातळ दार होतं.

"हे बघ, माझ्याकडे काय आहे," बाईंचा आवाज आला. ठोकळे टेबलावर ओतल्याचा आवाज आला. "मी असा पूल केला. तू कर तसाच."

मग काही नाही.

"घे ना. घाबरू नकोस. घे."

इव्हेटाने मार्त्सेलाच्या बाहीला धरलं. "ती गप्प का? घरी तर किल्ला करते, त्याला खिडक्यासुद्धा करते."

मार्त्सेलाला दारापलीकडचं सगळं न बघता दिसत होतं. "ती वाट बघतेय," ती म्हणाली.

"कशाची?"

मार्त्सेलाने आपले दोन्ही तळवे वर केले. इव्हेटाला ते आपोआप कळलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"मग म्हण ना. इथूनच म्हण."

"बोलायचं नाही म्हणाल्या."

"गाणं म्हणजे बोलणं थोडंच?"

आतून पुन्हा तोच आवाज, जरा थकलेला. मग चित्रं. मांजर कुठलं, चमचा कुठला, बोटाने दाखव. बोट कुठून उठणार? हात झोपलेले होते.

मार्त्सेलाने तोंड उघडलं. हात कुठे गेले. पहिली ओळ तिने अगदी हळू म्हटली, स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल इतकी. दुसरी थोडी वर. तेवढ्यात दार उघडलं.

"कृपा करून असं करू नका," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "माझं कामच होत नाही मग."

"बाई, तिला सगळं येतं. तिला फक्त हे गाणं लागतं. तुम्ही म्हणा, तीन ओळी आहेत, मी सांगते."

"मला कळतंय तुमचं. पण सगळ्या मुलांना सारखंच विचारावं लागतं. एकीसाठी गाणं म्हटलं तर ती तपासणी राहत नाही."

त्यांच्या खांद्यावरून मार्त्सेलाला साबिना दिसली. पाठ ताठ, दोन्ही तळवे टेबलावर वर केलेले, मध्ये ठोकळ्यांचा ढीग, एकाही ठोकळ्याला धक्का नाही. टेबल फार उंच नव्हतं. दारातली मार्त्सेला दिसताच साबिनाचा चेहरा उजळला. आता गाणं येणार, असं तिला वाटलं असणार. तिने तळवे आणखी पुढे सरकवले.

दार लागलं.

नंतर बाईंनी इव्हेटाला समोर बसवून सावकाश समजावलं. मुलगी गोड आहे, शिस्तीची आहे, पण सुरुवात करत नाही. गिरणीमागच्या वर्गात गर्दी कमी, शिक्षिका प्रेमळ. पुढे कधीतरी पुन्हा बघता येईल. इव्हेटाने सही केली. मार्त्सेलाला जे म्हणायचं ते दारात म्हणून झालं होतं.

परतीच्या बसमध्ये साबिना खिडकीशी बसली आणि बाहेर दिसेल ते सांगत सुटली. तीन गाई, एक आजारी. लाल छप्पर, त्याहून लाल छप्पर. काचेवर वाफ आली तिथे तिने बोटाने पूल काढला, दोन खांब आणि वर आडवी फळी. इव्हेटाने तोंड फिरवलं.

"मावशी," साबिना म्हणाली, "त्या बाईंना गाणं येत नव्हतं?"

"नाही."

"मी खूप थांबले. हात दुखले." आणि थोडं थांबून, "तू शिकव ना त्यांना."

"त्यांना चालत नाही गं."

"का?"

मार्त्सेलाने तिची वेणी सैल केली. बराच वेळ ती तेच करत राहिली.

पुढच्या आठवड्यात ती कोलोसाठी त्याच घरी गेली. इव्हेटा चुलीच्या पत्र्यावर पोळ्या भाजत होती. "ये," एवढंच म्हणाली, मागे न वळता. रागावली असती तर बरं झालं असतं. साबिना दाराशी उभी राहून बघत होती.

मार्त्सेला जमिनीवर बसली. पिशवी उघडली आणि ठोकळे कोलोच्या समोर ओतले. कोलोने लगेच मांडी घातली, तळवे वर केले आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं.

तिने ओठ मिटले.

"मावशी, गाणं," साबिना म्हणाली.

मार्त्सेलाने मान हलवली. कोलो बघत राहिला. दोन वर्षांचं पोर, पण त्याला थांबता येत होतं. तिनेच शिकवलं होतं, आणि चांगलं शिकवलं होतं. पोळी करपल्याचा वास आला तरी इव्हेटा उलटायला हलली नाही. तीही बघत होती.

"घे," मार्त्सेला शेवटी म्हणाली. तिचा आवाज त्या बाईंसारखा आला. "घाबरू नकोस. घे."

कोलोचा खालचा ओठ थरथरला. तळवे तसेच होते.