फाटकाच्या फोनवरचा चंद्र

"दिसला! चाचा, दिसला! चिंचेच्या डाव्या अंगाला!" मी फोनमध्ये असा ओरडलो, की तार नसती तरी आवाज थेट पूर्णा जंक्शनला पोचला असता.

आम्ही तिघं रेल्वेचे गेटमन. तीन फाटकांना मिळून एकच तार, त्यामुळं एकानं फोन उचलला की तिघांनाही ऐकू यायचं. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. गावात माणसं एकमेकांना टाळायची, तारेवर मात्र आमचा अखंड बाजार भरलेला. मधल्या फाटकावर चाचा आणि पलीकडच्यावर माझा बौद्ध दोस्त. देव आहे की नाही यावर मी आणि दोस्त इतकं भांडायचो, की तारेवरच्या चिमण्यांतसुद्धा दोन पार्ट्या पडल्या होत्या.

त्या संध्याकाळी नेमका चाचांच्याच डोक्यावर ढग. चंद्र दिसला तर सकाळी ईद, आणि ईदला घरी जायचं तर बदलीचा माणूस आत्ताच मागवायला हवा होता.

"मला बी दिसला!" दोस्त ओरडला. "नखावानी, लय बारीक!"

"कसम खावा," चाचा म्हणाले.

"कुणाची खाऊ? मी देव मानत न्हाई."

"ह्याच्या वाटची बी मीच खातो, चाचा! माझ्याकडं तेहतीस कोटी हायेत!"

आम्ही दोघं फोनला कान लावून बसलो.

"तुमची गवाही मशिदीत चालत न्हाई," चाचा म्हणाले. "बदलीचा माणूस मागवायला चालती."