हार चुकीच्या फोटोला

माझा स्वभाव भोचक. दुसऱ्याचं पत्र उघडं दिसलं की हिचे डोळे आधी तिथे, असं आई म्हणायची आणि ते खरंच होतं. लंडनमधल्या हाउन्सलोमध्ये ज्या मावशींच्या घरात मी बॉक्सरूम, म्हणजे पेटीएवढी खोली, भाड्यानं घेतली होती, त्यांनी या भोचकपणाला सरळ कामाला लावलं. त्यांना कॉम्प्युटर जमत नव्हता आणि मला दम धरवत नव्हता. झालं, त्यांची सगळी ईमेल मी वाचू लागले.

मी पुण्याहून कंपनीच्या प्रोजेक्टसाठी वर्क व्हिसावर आले होते. मावशी रिटायर्ड नर्स. नागपूरला नर्सिंग शिकून तरुणपणी इकडे आल्या. काका एअरपोर्टवर नोकरीला होते, ते मी यायच्या आधीच गेले. रविवारी विहारात वंदना, सोमवारी लायब्ररी, आणि शेजारच्या गोऱ्या आजींचं ब्लडप्रेशर कोणी न सांगता तपासणं, असा त्यांचा आठवडा. तीस वर्षं इथं काढूनही बोलायच्या मात्र वऱ्हाडीच.

ईमेल यायची ती त्यांच्या गावच्या शाळेच्या हेडमास्तरांची. तिथे मावशींनी थोरल्या बहिणीच्या नावानं शिष्यवृत्ती सुरू केली होती. सातवीत जी मुलगी पहिली येईल, तिचा तालुक्याच्या हायस्कूलचा खर्च त्या करायच्या. बहीण लग्नानंतर पहिल्याच बाळंतपणात गेली, एवढं मला माहीत होतं. त्यापुढचं विचारलं की मावशी म्हणायच्या, "काहून गं, तुले काम नाही का दुसरं?" आणि मला टोस्टला लोणी लावायला बसवायच्या.

त्या वर्षी हेडमास्तरांनी एकाच ईमेलमध्ये दोन गोष्टी मागितल्या. प्रतिमापूजनासाठी बहिणीचा फोटो आणि शाळेच्या अहवालासाठी मावशींचा.

"तिचा फोटो कुठला बाप्पा!" मावशी म्हणाल्या. "तिनं जन्मात कॅमेरा पाह्यला नाही. नाही म्हणून सांग."

"आणि तुमचा?"

"माहा दे ना. पण आत्ताचा नको, त्यात मी बटाट्यासारखी दिसतो."

त्यांनी सुटकेसमधून नर्सिंग स्कूलमधला एक फोटो काढला. वय असेल वीसेक. दोन वेण्या, पांढरी साडी, फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारखी नजर. मी तो ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत स्कॅन केला आणि पाठवला. खाली लिहिलं, 'सोबत फोटो जोडला आहे.' कोणाचा ते लिहायला विसरले. दुसरा फोटो नाही, हेही लिहायला विसरले. हातात सँडविच होतं, पाच मिनिटांत मीटिंग होती. कारणं हवी तेवढी आहेत, पण चूक माझीच.

दोन आठवड्यांनी कार्यक्रमाचे फोटो आले. मावशींना बोलावून मी पहिला उघडला, आणि जीभ चावली. शाळेच्या भिंतीवर मोठ्या फ्रेममध्ये मावशी, दोन वेण्या घातलेल्या. फ्रेमला झेंडूचा भरघोस हार. खाली उदबत्त्या, समई, आणि हात जोडून उभ्या असलेल्या वीस-पंचवीस मुली.

माझ्या आईनं असला फोटो पाहिला असता तर घरात शांत करून घेतली असती. मी कॉम्प्युटर बंद करायला गेले तर मावशींनी माझा हात धरला.

"थांब. पाहू दे." चष्मा नाकावर सरकवून त्या अगदी जवळ गेल्या. मग खो खो हसत सुटल्या. "अगं, मले मारलं यांनी! जिवंतपणी झेंडूचा हार पाहायला नशीब लागते."

"सॉरी मावशी. माझ्यामुळे झालं. अपशकुन वगैरे…"

"अपशकुन-बिपशकुन मले सांगू नको. जन्मभर मेलेली माणसं हातानं पुसली मी."

मी सुटकेचा श्वास सोडला. पण दुसऱ्या दिवशी त्या बोलेनात. चहा केला तो मला बिनसाखरेचा दिला, हे त्यांच्याकडून कधी झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता एकदम म्हणाल्या, "तिची शाळा मी घेतली. आता भिंतही मीच घेतली."

मी सुरी खाली ठेवली. आता विचारलं नसतं तर फुटले असते. "शाळा कशी घेतली?"

तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. गावातल्या मास्तरांनी दोघी बहिणींना एकाच दिवशी शाळेत घातलं होतं. जन्मतारीख कोणाला ठाऊक होती? दोघींची १ जून लिहिली. दोघी तिसरीपर्यंत एका पाटावर बसल्या. मग धाकटी भावंडं झाली, आई मजुरीला जाऊ लागली, घरी कोणीतरी हवं झालं. एकीला काढायची ठरली. थोरलीला काढली.

"काहून, तर तिले काही येत नव्हतं. आई म्हणे, ही मठ्ठ आहे, ही हुशार आहे, म्हणून हिले ठेवली. मी हुशार होतो ना," मावशी म्हणाल्या, "म्हणून तर पहिल्या नंबराचीच अट घातली. हुशार पोरगी मागं राहू नये म्हणून."

त्या हे अगदी सरळपणे म्हणाल्या, पण त्यांचे डोळे भरले होते. मला राग आला. कोणाचा ते कळेना, म्हणून मी तो कांद्यावर काढला.

शनिवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉलिंग कार्ड आणलं आणि हेडमास्तरांना फोन लावला. माझं ऐकून ते बिचारे गार पडले. "अरे देवा! म्हणजे हार हयात मॅडमना घातला? आम्ही तर मुलींना दोन मिनिटं शांत उभं केलं होतं!" मावशींनी लाउंजमधून ओरडून सांगितलं की हयात आहे, गुडघे सोडून सगळं ठीक आहे.

फोटो उतरवतो म्हणाले. "पण भिंतीवर मग काय लावू? बहिणीचं दुसरं काहीच नाही का?"

आणि माझ्यातली भोचक जागी झाली. "सर, शाळा तीच आहे ना? जुनी रजिस्टरं असतील?"

"जनरल रजिस्टर? आहेत की! ते कोणी फेकत नाही. जातपडताळणीला पणजोबाची नोंद शोधत माणसं येतच असतात. बघतो."

ते खरंच बघतील असं मला वाटलं नव्हतं. मी रोज ऑफिसात जाऊन आधी मेल उघडायची. मावशी विचारायच्या नाहीत, पण संध्याकाळी मी परतले की दाराशी उभ्या असायच्या आणि माझ्या तोंडाकडे पाहून परत आत जायच्या. त्यांना काय हवं होतं ते मला नीट कळत नव्हतं. बहिणीचं नाव शाईत लिहिलेलं पाहायचं, एवढंच असेल असं मी धरून चालले होते.

रजिस्टरचं पान आलं ते मी घरीच उघडलं. पिवळं पडलेलं, कडेला वाळवी लागलेलं. एकाखाली एक दोन ओळी. दोन बहिणी, दाखल केल्याची तारीख एक, जन्म १ जून, १ जून. मावशींनी स्क्रीनवर बोट ठेवून बहिणीचं नाव वाचलं. मोठ्यानं, तीनदा. मग बोट आडवं सरकवत गेल्या, वॉर्डमध्ये चार्ट वाचावा तसं. वर्तणूक, चांगली. शाळा सोडण्याचं कारण, घरकामासाठी पालकांनी काढले. प्रगती, उत्तम.

बोट खालच्या ओळीवर आलं. कारण, पुढील शिक्षणासाठी. प्रगती, साधारण.

"हे उलटं लिहिलं त्यानं," मावशी म्हणाल्या.

मी पान मोठं करून दोन्ही ओळी पुन्हा पाहिल्या.

"उलटं लिहिलं ना?"

"वरच्या ओळीत शाई वेगळी आहे, मावशी. तिची नोंद ती शाळेतून निघाली तेव्हाच केलेली. तुमची नंतर. उलटं कसं लिहितील?"

बाहेर विमानं उतरत होती, एकामागून एक, त्या घरात कोणी त्यांच्याकडे लक्ष देत नसे. मग त्यांनी आपला हात कमरेवर ठेवला, मूल घेतल्यासारखा, आणि तिथेच पाहत राहिल्या.

"ती मोठी होती. तिच्या कडेवर पोर राहत होतं. माह्या कडेवर राहत नव्हतं, सटकून जाये." थांबून म्हणाल्या, "एवढीच माही हुशारी."

आणि रडल्या. मीही रडले, मला काही अधिकार नव्हता तरी.

चहा मात्र त्या दिवशी दोघींना गोड झाला. चहा पिऊन त्यांनी मला लिहायला बसवलं. ते पान फ्रेम करून लावा, हार नको. पहिल्या नंबराची अट काढून टाका. जिला घरचे शाळेतून काढत असतील तिला द्या. मार्क विचारू नका.

हेडमास्तरांनी चार प्रश्न विचारले, मावशींनी चारही परतवले. पुढच्या वर्षी कार्यक्रमाचा फोटो आला. भिंतीवर ते पिवळं पान. त्याखाली एक काटकुळी मुलगी, एका हातात शिष्यवृत्तीचं पाकीट, दुसऱ्या हातानं कडेवर धरलेलं लेकरू. लेकरू पाकीट ओढतंय, मुलगी कॅमेऱ्याकडे बघतेय.

मला तो फोटो फार आवडला. मी म्हटलं, "मावशी, हा मोठा प्रिंट काढून आणू का? इथे लाउंजमध्ये लावू."

मावशींनी चष्मा सरकवला. मुलीकडे पाहिलं, मग बराच वेळ त्या लेकराकडे.

"लावू मग," त्या म्हणाल्या. "आधी मेल लिही त्या मास्तरले. ही पोरगी शाळेत जाईन, तेव्हा त्या लेकराले कोण घेते, ते विचार."