डॅश डॅश पासून

काचबिंदूने माझी नजर नेली तेव्हा मी तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होते. नोकरी सुटली. मग पनवेलच्या घरी, पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून कॉम्प्युटर पुन्हा शिकले. माउस माझ्या उपयोगाचा नव्हता. आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी मात्र सोयीची. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, उत्तर ऐकायचं.

करंजा गावातल्या आमच्या एक काकू लग्नांत धवळे, म्हणजे विधींची गाणी, म्हणायच्या. आता गळा साथ देत नव्हता. नातीच्या हळदीला आपला जुना आवाज वाजावा, एवढी त्यांची इच्छा. त्यांच्या गाण्याचं जुनं रेकॉर्डिंग माझ्याकडेच होतं, पण त्यात खोकला आणि मधेमधे होडीच्या इंजिनाचा आवाज.

"तेवडं काडून टाक पोरी. जमल नाय?"

"जमेल," मी म्हटलं.

धाकट्या भावाने आवाज कापायचा छोटा प्रोग्राम लिहून दिला. आधी फाइलचं नाव, मग कापायच्या तुकड्याची सुरुवात, मग शेवट, सगळं ठरल्या क्रमानेच. माझा क्रम चुकायचा आणि प्रोग्राम फक्त "चूक" म्हणायचा. काय चुकलं, ते नाही.

"ताई, मला पाठव ना. मी करून देतो."

"आज देशील. उद्या दुसरं कुणी आलं तर? प्रोग्राम माझी ओळ कशी वाचतो ते मला शिकव."

त्याने शिकवलं. मी ठरवलं, प्रोग्राम स्वतः बदलायचा आणि दोन्ही वेळांना नाव द्यायचं: डॅश डॅश पासून, डॅश डॅश पर्यंत. शब्दाच्या आधी दोन डॅश असतील तर ते नाव, पुढचा शब्द म्हणजे त्या नावाची वेळ. मग क्रम कसाही चालेल. पहिल्याच दिवशी 'करंजा हळद' या फाइलच्या नावाचे दोन तुकडे झाले. भाऊ म्हणाला, मधल्या जागेमुळे ओळ आधीच तुटते, नाव अवतरणचिन्हांत घाल. घातलं. मग 'पासून'ची वेळ लिहायला विसरले, तर प्रोग्रामने 'डॅश डॅश पर्यंत' यालाच वेळ मानलं. चिडले, उठले, चहा केला, परत बसले. नवा नियम घातला: पुढचा शब्द डॅशने सुरू होत असेल तर प्रोग्रामने थांबायचं आणि नीट बोलायचं: "पासूनची वेळ दिलेली नाही."

ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने "शाब्बास" म्हणाले.

त्यानंतर एकेक खोकला आणि ओळींमधली इंजिनाची घरघर शोधून कापली. श्वास मात्र ठेवले. श्वास काढले की गाणं यंत्राचं वाटायला लागायचं.

हळदीला स्पीकरमधून काकूंचा आवाज आला आणि मांडवातल्या बायांनी पुढची ओळ उचलली. काकूंनी माझा हात घट्ट धरला.

"ह्यो माजाच आवाज हाय ना गं?"

"तुमचाच."

"मंग जरा मोट्यानं लाव."